नाकाची मुळाक्षरे

आपल्याकडे लहान मुलांना पंचेंद्रियांची ओळख फार लवकर करून दिली जाते. डोळ्यांनी पाहावे, कानांनी ऐकावे, जिभेने चव घ्यावी, त्वचेने स्पर्श जाणावा आणि नाकाने वास घ्यावा, एवढे बालवाडीतील मूलही सांगते. परंतु पुढे शिक्षणाचा सारा भार डोळे आणि कान या दोघांवरच पडतो. रंगांची नावे पाठ होतात, सूर ओळखायला शिकवणारे गुरुजी मिळतात. वास ओळखायला मात्र कोणी शिकवत नाही. त्यामुळे आठ-दहा वर्षांच्या मुलाच्या बोलण्यात वासासाठी बहुधा दोनच शब्द उरतात, ‘छान’ आणि ‘घाण’.

वास्तविक आपली मराठी या बाबतीत मुळीच दरिद्री नाही. भाजलेल्या शेंगदाण्यांचा वास खमंग, जुन्या तेलाचा खवट, पावसाळ्यात न वाळलेल्या कपड्यांचा कुबट, तळाशी लागलेल्या दुधाचा करपट आणि रात्रभर राहिलेल्या पिठाचा आंबूस. मोगरा दरवळतो, केवडा घमघमतो, बंद खोली कोंदट होते, ताज्या कापलेल्या गवताला हिरवट वास येतो. हे शब्द कोणा पंडिताने घडवलेले नाहीत. स्वयंपाकघरात, गोठ्यात आणि शेतात वावरणाऱ्या माणसांनी आपापल्या कामाच्या गरजेतून ते घडवले. तूप कढले की नाही, धान्याला ओल लागली की नाही, हे त्यांना नाकानेच ठरवावे लागे.

मी पस्तीस वर्षे माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवले. पाठ्यपुस्तकात डोळ्याची सुबक आकृती असे, कानाची असे. नाकाच्या वाट्याला दोन-चार ओळी येत. या दुर्लक्षित इंद्रियाचे खरे मोल आमच्या कुटुंबाला कळले ते २०२१ च्या उन्हाळ्यात, माझ्या थोरल्या बहिणीच्या आजारपणात.

आक्का तेव्हा सत्तरीच्या उंबरठ्यावर होती. करोनाची दुसरी लाट जोरात होती. ताप चार दिवसांत उतरला, श्वासाला त्रास झाला नाही, म्हणून आम्ही समाधान मानले. पाचव्या दिवशी तिने कॉफीचा पेला तोंडाला लावला आणि खाली ठेवला. म्हणाली, “गरम गोड पाणी आहे नुसतं.” मग तिने मसाल्याचा डबा उघडला, हिंगाची डबी नाकाशी धरली, कापूर चुरगळून पाहिला. काहीच नाही. नातेवाइकांत तिच्या हातच्या आमटीचे आणि पुरणाचे नाव होते. पण ती चव साधणारे नाक आता गप्प झाले होते. “जेवण म्हणजे घास मोजणं झालंय बघ,” असे ती मला फोनवर म्हणाली. सूर्यास्तापूर्वीच्या जेवणाला साऱ्या कुटुंबाला हौसेने बसवणारी ही बाई आता स्वतः दोन घासांत उठू लागली.

जीभ तर शाबूत होती, मग चव का गेली? याचे उत्तर असे, की आपण ज्याला चव म्हणतो तिचा मोठा भाग वासाचा असतो. जिभेला गोड, आंबट, खारट, कडू आणि रुचकरपणाची एक वेगळी जाणीव एवढेच कळते. वेलदोडा, जिरे, केशर, आंबा यांतला भेद घास चावताना घशामागच्या वाटेने नाकात चढणाऱ्या वासाने कळतो. पडसे झाले म्हणजे अन्न बेचव लागते ते याचमुळे. साखर लावलेली बडीशेप नाक चिमटीत धरून चावून पाहावी; नुसता गोडवा लागतो. चिमटी सोडताच बडीशेप क्षणात ‘प्रकट’ होते. घरी दोन मिनिटांत होणारा हा प्रयोग मुलांना अतिशय आवडतो.

आक्काची नात त्या वेळी नऊ वर्षांची होती. शाळा बंद होत्या, म्हणून ती आजीजवळच राहत होती. तिने मला विचारले, “आजोबा, आजीचा वास गेला म्हणजे कुठं गेला?” विज्ञानाच्या शिक्षकाला याहून चांगला प्रश्न कोण विचारणार! मी तिला समजावले ते येथे थोडक्यात देतो. घरातल्या मुलांना सांगायला ते उपयोगी पडेल.

फुलातून, फळातून, अन्नातून अतिसूक्ष्म रेणू सुटून हवेत मिसळतात. श्वासाबरोबर ते नाकात जातात. नाकाच्या पोकळीच्या अगदी वरच्या टोकाला, दोन्ही बाजूंस, टपालाच्या तिकिटापेक्षा फार मोठा नसलेला एक ओलसर पट्टा आहे. रेणू त्या ओलाव्यात विरघळतात. तेथे लाखो चेतापेशी आपले केसांसारखे तंतू पसरून बसलेल्या असतात. या तंतूंवर गंधग्राही असतात. ठरावीक घडणीचे रेणूच एकेका गंधग्राहीला जागे करू शकतात. जागा झाला की पेशी विजेचा संदेश पाठवते. वर चाळणीसारखे भोके असलेले एक पातळ हाड आहे. त्या भोकांतून संदेश मेंदूच्या तळाशी असलेल्या घ्राणकंदात पोहोचतो. तेथून त्याची वाट भावना आणि स्मृती सांभाळणाऱ्या भागांकडे फार जवळची आहे. एखाद्या जुन्या पेटीचा वास आला आणि पन्नास वर्षांपूर्वीचे आजोळ डोळ्यांपुढे उभे राहिले, असा अनुभव कोणाला नाही?

या गंधग्राहींची जनुके लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सेल या दोन अमेरिकी शास्त्रज्ञांनी १९९१ साली शोधून काढली. त्यासाठी त्यांना २००४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. माणसात काम करणारे गंधग्राही सुमारे ४०० प्रकारचे असतात, तर वास त्याहून कितीतरी अधिक ओळखता येतात. हे कसे? मी नातीला म्हटले, “मराठीत मुळाक्षरे किती? पन्नासच्या आसपास. आणि शब्द?” ती हसली. एक वास म्हणजे एक अक्षर नव्हे, तो अक्षरांचा शब्द आहे. एकाच रेणूने अनेक प्रकारचे गंधग्राही कमी-अधिक जागे होतात आणि त्यांच्या जुळणीवरून मेंदू वास वाचतो. रेणूची नुसती घडण बदलली तरी शब्द बदलतो. कार्व्होन नावाच्या रेणूची दोन रूपे आहेत, डाव्या आणि उजव्या हातमोज्यासारखी, एकमेकांची आरशातील प्रतिबिंबे. एक रूप पुदिन्याच्या स्पिअरमिंट जातीत आढळते, दुसरे बाळंतशेपेत. घटक तेच, संख्याही तीच, तरी नाक त्यांत गल्लत करत नाही.

मग आक्काचे काय बिघडले होते? संशोधकांना असे दिसून आले, की करोनाचा विषाणू मुख्यत्वे गंध ओळखणाऱ्या चेतापेशींना नव्हे, तर त्यांना आधार देणाऱ्या शेजारच्या पेशींना ग्रासतो. आधार ढासळला की चेतापेशींचेही काम थांबते. आशेची गोष्ट एवढीच, की गंधाच्या चेतापेशी आयुष्यभर नव्याने निर्माण होत राहतात. शरीरातील बहुतेक चेतापेशींना हे भाग्य नाही.

कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी आक्काला एक साधना सांगितली. साधनाच म्हणायची, कारण औषधापेक्षा तिच्यात नेमाचा भाग मोठा होता. जर्मनीतील ड्रेस्डेन येथील थॉमस हुमेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली ही पद्धत प्रसिद्ध केली. गुलाब, निलगिरी, लिंबू आणि लवंग असे चार वास, दिवसातून दोन वेळा, बारा आठवडे, लक्षपूर्वक हुंगायचे. तसे करणाऱ्या रुग्णांची गंधशक्ती न करणाऱ्यांच्या तुलनेत सुधारली. सर्वांनाच गुण येतो असे नाही. पण नाकालाही शिकवणी लावता येते, हे त्यातून दिसले.

आक्काने चार लहान बाटल्या मांडल्या. सकाळ-संध्याकाळ ती डोळे मिटून एकेक बाटली हुंगे. नात शेजारी बसे. पहिले कित्येक आठवडे आजीला काहीच जाणवत नसे. आठवणीने तरी वास मनात उभा करावा, असे डॉक्टरांनी सांगितले होते. म्हणून आक्का नातीला म्हणे, “तुला कसा येतोय ते सांग बाळा. मी आठवते.” नात सांगे, “छान येतोय.” आक्का म्हणे, “छान तर चारही आहेत. लवंगेचा कसा आणि गुलाबाचा कसा?”

त्या मुलीचे खरे शिक्षण तेथून सुरू झाले. आजीला आठवता यावे म्हणून तिला शब्द शोधावे लागले. लवंग ‘तिखट, नाकाला टोचणारी, पण मागून गोड’ झाली. निलगिरी ‘थंड, कपाळापर्यंत जाणारी’ झाली. लिंबू ‘पटकन येऊन पटकन जाणारं’. मग दूध, डाळ, पीठ, तेल यांच्या चौकशा तिच्याकडे येऊ लागल्या. तेल खवट झाले आहे का, पीठ आंबूस लागते का, हे आजी विचारी आणि नात हुंगून निवाडा देई. नवे शब्द ती आजीकडूनच शिकली. नाक तिचे आणि भाषा आजीची, असा तो व्यवहार होता.

या व्यवहाराची किंमत एका संध्याकाळी कळली. आक्का स्वयंपाकघरात तांदूळ निवडत बसली होती. शेगडीवरचे दूध उतू गेले आणि ज्योत विझली. कॉक उघडाच होता. गॅस जमिनीलगत पसरत होता आणि आक्का त्यातच शांतपणे सूप हलवत होती. नात अंगणातून आत आली आणि उंबऱ्यातच थांबली. “आजी, गॅस! सडक्या कोबीसारखा वास येतोय.” तिने कॉक बंद केला, खिडकी उघडली, आजीला हाताला धरून बाहेर आणले आणि विजेच्या बटणाला हात लावला नाही. हे सारे तिला माहीत होते, कारण गॅसच्या वासाबद्दल आमचे बोलणे आधीच झाले होते.

स्वयंपाकाच्या गॅसला स्वतःचा असा वास जवळजवळ नसतोच. गळती कळावी म्हणून त्यात इथाइल मर्कॅप्टन नावाचे गंधकयुक्त, अतिशय उग्र द्रव्य अल्प प्रमाणात मिसळतात. अशा खबरदारीमागे मोठे दुःख आहे. १९३७ साली अमेरिकेत, टेक्सासमधील न्यू लंडन गावच्या शाळेत वास नसलेला नैसर्गिक वायू साठत गेला, कोणाला कळले नाही, आणि स्फोटात सुमारे ३०० विद्यार्थी व शिक्षक मृत्युमुखी पडले. त्यानंतर वायूत वास मिसळण्याचे कायदे झाले. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. निरोगी नाकही एकाच वासाला लवकर सरावते. मंदिरात शिरताना चंदनाचा गंध जाणवतो, थोड्या वेळाने तो जाणवेनासा होतो. गंध संपलेला नसतो, नाकाने त्याची दखल घेणे सोडलेले असते. म्हणून बाहेरून आलेले माणूस ‘वास येतोय’ म्हणाले तर घरातल्यांनी ते कधीही हसण्यावारी नेऊ नये. ज्यांची गंधशक्ती गेली आहे त्यांच्या स्वयंपाकघरात गॅसची सूचना देणारे यंत्र बसवावे. आम्ही दुसऱ्याच दिवशी बसवले.

पुढे दोन उन्हाळ्यांच्या सुट्टीत आमच्या गावच्या पाठशाळेतील मुलांसमोर मी हा विषय मांडला. डब्यांवर कागद बांधून, भोके पाडून, आत जिरे, ओवा, सुंठ, वेलदोडा, कापूर ठेवले. डोळे बांधून ओळखायचे. पहिल्या दिवशी बहुतेक मुले वास ‘ओळखीचा आहे, पण नाव येत नाही’ असे म्हणत. चौथ्या दिवशी तीच मुले जिरे आणि ओवा यांतला भेद शब्दांत सांगू लागली. यात नवल नाही. माणसाचे नाक दुबळे असते, ही समजूत एकोणिसाव्या शतकातील आहे आणि आता ती टिकलेली नाही. अमेरिकेतील बर्कली येथील विद्यापीठात २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, डोळे-कान बंद केलेली माणसे रांगत, गवतावर ओढलेल्या चॉकलेटच्या वासाच्या रेघेमागे गेली. सुमारे दोन-तृतीयांश जणांना तो माग काढता आला आणि सराव दिलेल्यांचा वेग वाढला. मलेशिया-थायलंडच्या सीमेवरील जंगलात राहणारे जहाई लोक तर वासांना रंगांइतक्याच सहजतेने नावे देतात. त्यांच्या भाषेत वासासाठी स्वतंत्र, रोजच्या वापरातले शब्द आहेत. म्हणजे उणीव नाकात नसते, सवयीत असते.

एका मुलाने विचारले, “शास्त्रात गंधाचे सुरभी आणि दुरभी असे दोनच भेद सांगितले आहेत. मग हिंग कुठं बसवायचा? डबीत घाण आणि फोडणीत छान!” वर्ग हसला, पण प्रश्न खोल होता. हिंगाच्या उग्र वासामागे गंधकयुक्त द्रव्ये असतात आणि तापल्या तेलात त्या वासाचा उग्रपणा ओसरतो. इंडोल नावाचे द्रव्य मोगऱ्यासारख्या फुलांच्या सुगंधात असते आणि विष्ठेतही असते. प्रमाण आणि सोबत बदलली की आपला निर्णय बदलतो. वास हवासा वाटणे अथवा नकोसा वाटणे यात वस्तूइतकाच आपल्या मनाचा वाटा असतो, हे मुलांना हिंगाने पटवले. इंद्रियांच्या विषयांत राग-द्वेष करू नये असे आपण ऐकतो. त्याची पहिली पायरी नीट जाणणे हीच असावी.

मुंगी हा त्रींद्रिय जीव, असे पाठशाळेत शिकवतात. स्पर्श, रस आणि गंध ही तिची इंद्रिये. विज्ञानाने पाहिले तरी मुंगीच्या जीवनात गंधाचे स्थान फार मोठे आहे. ती डोक्यावरच्या शृंगिकांनी वास घेते. अन्न सापडलेली मुंगी परतताना जमिनीवर गंधाची रेघ सोडत येते आणि बाकीच्या त्या रेघेवरून जातात. काही जातींच्या मुंग्यांत गंधग्राहींचे प्रकार ४०० च्या आसपास आहेत, जवळजवळ माणसाइतकेच. मुले गंमत म्हणून रांगेवरून बोट फिरवतात आणि मुंग्या सैरभैर होतात. आपण त्यांचा रस्ताच पुसलेला असतो. हे कळल्यावर वर्गातील एका मुलीने आपणहून सांगितले, की तिने घरच्या ओट्यावरची रांग पुसायची सोडून साखरेचा डबाच हलवला. अहिंसेचा पाठ असा समजुतीतून आला की तो टिकतो.

पालकांना माझी एवढीच विनंती आहे. मुलाने ‘घाण वास येतोय’ म्हटले की ‘कसला?’ असे विचारावे. आंबूस की कुबट, करपट की खवट, एवढा शोध त्याला घेऊ द्यावा. भाजी निवडताना, फोडणी देताना, कपाट उघडताना त्याला जवळ बोलवावे. यासाठी पैसे लागत नाहीत, पडदा लागत नाही. आणि घरातील कोणाचा वास अचानक गेला, तर वय झाले म्हणून सोडून न देता डॉक्टरांना दाखवावे.

आक्काचा वास पुष्कळसा परत आला, पण सरळ वाटेने नव्हे. चौथ्या महिन्यात तिला कॉफीला जळक्या रबराचा वास येऊ लागला. नव्या पेशींची जुळणी पुन्हा होताना असे विपरीत वास येतात, हे ऐकून तिने धीर धरला. वर्षभराने एका सकाळी लोणी कढवताना तिने विड्याचे पान पातेल्यात टाकले आणि वेळेवर शेगडी बंद केली. बेरी करपली नाही. तिने कोणाला विचारले नव्हते.

काही वास मात्र अजून आलेले नाहीत. पहिल्या पावसाचा मातीचा वास त्यांतला एक. १९६४ साली ऑस्ट्रेलियातील इझाबेल बेअर आणि रिचर्ड थॉमस या शास्त्रज्ञांनी त्या वासाला ‘पेट्रिकोर’ असे नाव दिले, आणि उत्तर प्रदेशातील कारागीर तर तोच वास मातीच्या अत्तरात साठवतात. मातीतील सूक्ष्मजीव बनवतात ते जिओस्मिन त्यात असते; एरवी ते अत्यल्प प्रमाणातही माणसाला जाणवते. यंदा वळवाची पहिली सर आली तेव्हा आक्का ओसरीवर बसली होती. नात आता उंच झाली आहे, आठवी संपवून सुट्टीवर आली होती. ती न सांगता आजीजवळ येऊन बसली आणि म्हणाली, “नव्या माठात पहिल्यांदा पाणी ओतल्यासारखा आहे, आजी. थोडा धुळीचा, मग गार.” आक्काने डोळे मिटले आणि मान हलवली.